अंटार्क्टिकाच्या सहली आता थांबवाव्यात का?

वाटसरू:
बाबांच्या पंच्याहत्तरीला अंटार्क्टिकाला जायचं घरात ठरत होतं. सहल कंपनीच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलंय, 'दक्षिण ध्रुवावर पाऊल ठेवा, होकायंत्र गरगर फिरताना पाहा.' नकाशा उघडून बसलो. बोट अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघते, ड्रेक सामुद्रधुनी ओलांडते आणि द्वीपकल्पाच्या टोकाशी ६४-६५ अंश दक्षिणेला थांबते. ध्रुव तिथून आणखी २,८०० किमी! लोकांना फसवून तिकडे गर्दी करायची कशासाठी? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला दहा हजारही पर्यटक जात नव्हते, २०२३-२४च्या मोसमात १ लाख २० हजारांवर गेले. माझ्या मते आता बास. आम्ही बेत रद्द केलाय.

चुंबकसुई:
होकायंत्राबद्दल लिहितो, कारण बरेच जण इथेच चुकतात. भौगोलिक ध्रुव म्हणजे पृथ्वीच्या आसाचं टोक. चुंबकीय ध्रुव म्हणजे जिथे मोकळी टांगलेली सुई अगदी उभी राहते ती जागा. दक्षिणेकडचा चुंबकीय ध्रुवही ६४ अंशांच्याच आसपास आहे, पण खंडाच्या पार दुसऱ्या बाजूला, ऑस्ट्रेलियाच्या दिशेला. द्वीपकल्पावर साधं होकायंत्र व्यवस्थित दिशा दाखवतं, गरगर वगैरे काही फिरत नाही.

शिवाय तो ध्रुव एका जागी राहत नाही. सुमारे २,९०० किमी खोलवर बाह्य गाभ्यातलं वितळलेलं लोखंड वाहतं, त्यातून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि तो प्रवाह बदलला की ध्रुव सरकतो. जानेवारी १९०९मध्ये शॅकल्टनच्या मोहिमेतले डेव्हिड, मॉसन आणि मॅके चालत त्याच्यापाशी पोचले, तेव्हा तो बर्फाच्या पठारावर होता. आज तो समुद्रात आहे. उत्तरेकडचा चुंबकीय ध्रुव ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉसला १८३१मध्ये कॅनडात सापडला होता, तो सायबेरियाच्या रोखाने निघालाय. या चुंबकीय क्षेत्राची मोजणी आपल्याकडे अलिबागला १९०४पासून चालू आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमाप बिघडेल, म्हणून कुलाब्याची वेधशाळा तिकडे हलवली होती. बाबांना तिथली गोष्ट नक्की सांगा.

पेंग्विनवेडी:
पत्रक खोटं आहे, मान्य. बंदीच्या मागणीशी मात्र ठाम असहमत. मी जाऊन आलेय. उतरण्याआधी बूट जंतुनाशकात धुवून घेतात, कपड्यांच्या शिवणींतून बी-बियाणं वेचून काढतात. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसं. बर्डफ्लूच्या धास्तीने जमिनीवर बसूही देत नाहीत. आणि बाहेरून आलेलं गवत तिथे कुठे रुजलं? पोलंडच्या आर्क्टोव्स्की संशोधन तळापाशी. पर्यटकच तेवढे दोषी कसे?

वाटसरू:
गवताचा मुद्दा बरोबर आहे. पण तळावरची माणसं मोजकी, आणि ती काम करायला जातात. आपण बघायला जातो. शंभरांचा नियम एका वेळेपुरता आहे, मोसमात एकूण किती जणांनी जावं याला मर्यादा कुठेय? २००७मध्ये 'एक्सप्लोरर' हे पर्यटक जहाज बुडालं. १५४ माणसं वाचली, पण इंधन समुद्रात गेलंच.

वास्कोकर:
आमच्या गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्रामुळे या विषयाशी जवळीक आहे. अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या भारतीय तळांचा कारभार इथूनच चालतो. २०२२चा आपला अंटार्क्टिक कायदाही आहे, परवान्याशिवाय मोहीम काढता येत नाही. खरी अडचण पुढे आहे. अंटार्क्टिकाचा कारभार ज्या आंतरराष्ट्रीय कराराने चालतो, त्यात निर्णयाला मताधिकार असलेल्या सगळ्या देशांची संमती लागते, एक देश अडला तरी गाडं अडतं. मे २०२४मध्ये या देशांच्या कोचीच्या बैठकीत पर्यटनाच्या चौकटीवर चर्चा झाली, पण चर्चा म्हणजे कायदा नव्हे.

पेंग्विनवेडी:
मग मागणी बंदीची नको, मर्यादेची करूया. वर्षाला अमुकच माणसं, तीही चिठ्ठ्या टाकून. त्या निवेदनावर मी सही करेन, माझा पुन्हा कधी नंबर लागला नाही तरी चालेल. पण वाटसरू, एक सांग. बेत रद्द करण्याआधी बाबांना विचारलं होतंस का?

वाटसरू:
नाही विचारलं. आज रात्री फोन करतो.