न्यू ऑर्लिन्स एका रात्रीत उरकायचं शहर आहे?

कंदील
परवा इथे एकांनी लिहिलं, "न्यू ऑर्लिन्सला लाँग वीकेंड फुकट गेला. बर्बन स्ट्रीटवर नुसती घाण आणि दारुडे, जॅझ कुठेच नाही, गंबो म्हणजे भेंडीचा बुळबुळीत रस्सा. एका रात्रीत उरका आणि फ्लोरिडा गाठा." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा.

मी ह्यूस्टनला अकरा वर्षं आहे. आय-टेनने सहा तासांचा रस्ता, सात वेळा गेलोय. जॅझ कुठेच नाही? बर्बनवरून सेंट पीटर स्ट्रीटला वळलं की शंभरेक पावलांवर प्रिझर्व्हेशन हॉल आहे, 1961 पासून. पाऊण तासाचा कार्यक्रम, जुनं लाकडी बाकडं, समोर हातभर अंतरावर ट्रम्पेट. तिथून पंधरा मिनिटं चाललात तर एस्प्लनेड ॲव्हेन्यूपलीकडे फ्रेंचमेन स्ट्रीट. एका दारातून क्लॅरिनेट, दुसऱ्यातून पियानो, कोपऱ्यावर पोरांचा ब्रास बँड.

आणि रविवारी दुपारी थांबा हो! कडक उन्हाळा सोडला तर बहुतेक रविवारी कुठल्या ना कुठल्या वस्तीतून सेकंड लाइनची मिरवणूक निघते. पुढे बँड आणि ती काढणाऱ्या मंडळाची माणसं, मागून नाचत जाणारे ते सगळे सेकंड लाइन. कृष्णवर्णीयांना विमा मिळत नसे तेव्हा आजारपण आणि मयताचा खर्च एकमेकांत वाटून घेणारी ही मंडळं. ट्रेमे या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या काँगो स्क्वेअरच्या मैदानात गुलाम रविवारी जमून ढोल वाजवत. त्याच ट्रेमेतल्या क्लेबोर्न ॲव्हेन्यूवरची ओकची झाडं साठच्या दशकात तोडून वर हायवे उभारला. आज मिरवणूक त्या पुलाखाली आली की बँड जोर धरतो, काँक्रीटखाली आवाज घुमतो. हे न बघता "उरका" म्हणणाऱ्याचा मला राग येतो.

पाटावरवंटा
ते "एकांनी" म्हणजे मी. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

इतिहास मलाही वाचता येतो. बरोबर चौदा वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांची आई होती. रात्री नऊला हातात प्लास्टिकचे ग्लास घेऊन झुलणारी माणसं अंगावर येत होती. तिथे रस्त्यावर प्यायला मुभा आहे हे माहीत आहे, म्हणून आईला ते बरं वाटावं का?

आणि जेवण. एका ठिकाणी तीनदा विचारलं, मांस नाही ना? "बीन्स आहेत," म्हणाले. आईच्या दुसऱ्या घासाला हॅमचा तुकडा आला. आई तिथून उठली ती परतीच्या प्रवासापर्यंत केळी आणि दुधावर राहिली. तुमचा ब्रास बँड तिला कसा गोड लागणार?

मालवणी_तिखट
आईंबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तिथले रेड बीन्स, म्हणजे राजमा, मुळात हॅमचं हाड घालूनच करतात. सोमवार धुण्याचा दिवस, बायकांना चुलीपाशी उभं राहायला वेळ नाही, म्हणून रविवारच्या हॅमचं हाड टाकून राजमा दिवसभर मंद आचेवर. हाड काढलं की त्या पदार्थात उरतं काय?

आणि गंबोला बुळबुळीत म्हणालात ते मला लागलं. गंबो हा शब्दच भेंडीचा, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या भाषेतला. पण सगळ्या गंबोत भेंडी नसते. कोणी फिले घालतात, म्हणजे ससाफ्रसच्या पानांची पूड. ती तिथल्या चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांची देणगी. खरा जीव रू मध्ये, म्हणजे भाजलेल्या पिठात. पीठ तेलात चॉकलेटी होईस्तोवर पाऊण तास हलवायचं. लाडवाचं बेसन भाजताना हात थांबला की काय होतं हे ज्याला माहीत आहे त्याने गंबोला नावं ठेवू नयेत.

समईची_वात
बेसनाच्या लाडवाची तुलना हॅमच्या रश्शाशी? काहीही! आम्ही शाकाहारी म्हणजे कुठेही गेलो तरी आम्हीच जुळवून घ्यायचं. ट्रिपच्या ग्रुपमध्ये दर वेळी "तू सॅलड घे ना." सॅलड खायला हजार डॉलर खर्चायचे का?

मालवणी_तिखट
दुसऱ्याच्या गावात त्यांनी तुमच्यासाठी स्वयंपाक बदलावा हा हट्ट कशाला? मालवणात येऊन कोणी कुर्ल्यांच्या रश्शात कुर्ली नको म्हणालं तर माझी आजी त्याला सोलकढी-भात वाढेल, रस्सा बदलणार नाही.

समईची_वात
वाढेल ना सोलकढी-भात? तेवढंच म्हणतेय मी. तिकडे तेवढंही नाही.

मालवणी_तिखट
हं. हे मात्र बरोबर बोललात.

गोदाकाठ
भेंडी पुरे. माझी तक्रार टिपची आहे. दर गाण्याला बादली समोर. आत बसलो तर बादली, बाहेर उभे तर बादली. एका रात्रीत साठ डॉलर गेले. संगीत ऐकवताय की वसुली?

ताशा_तर्री
गोदाकाठ, एक सांगतो, रागाने सांगतोय. माझे वडील सांगलीकडे लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. एप्रिल-मे च्या उन्हात तो जाड कोट घालून. सुपारीचे पैसे मालकाकडे. घरी यायचं ते वरातीत ओवाळलेल्या दहा-दहाच्या नोटांतून. आमची वह्या-पुस्तकं त्या नोटांची.

फ्रेंचमेनवर कित्येक ठिकाणी दाराशी तिकीट नसतं, बँड त्या बादलीवरच घरी जातो. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा सूझाफोन, म्हणजे ते अंगाभोवती वेटोळं घालणारं मोठं पितळी वाद्य, गळ्यात अडकवून दोन तास उभा होता. मी वीस डॉलर टाकले आणि बाजूला जाऊन रडलो. वडील गेले तेव्हा भजनी मंडळ होतं, टाळ-मृदंग होता, पण त्यांच्या बँडचं कोणी वाजवलं नाही. तिथे वाजवणारा गेला की बँड संथ सूर धरून पोचवायला जातो आणि निरोप दिल्यावर नाचत परततो. आमच्याकडे हे कोणाला सुचलं नाही याची खंत आहे मला.

आणि कंदील, तुम्हीही ऐका. तुम्ही दर वेळी ट्रेमेत घर भाड्याने घेता असं मागे लिहिलं होतंत. 2005 च्या कॅटरिना वादळात बंधारे फुटून शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला, कितीतरी वाजवणारे परतलेच नाहीत. जे परतले त्यांच्या गल्लीतली घरं आता पाहुण्यांसाठी. पुलाखालचा आवाज आवडतो, तर वाजवणाऱ्याला राहायला जागा नको?

कंदील
हे टोचलं. मी वस्तीत राहायचं म्हणून तिथे राहत होतो, भाडं कोणाचं वाढतंय हे मनात आलं नाही. पुढच्या वेळी हॉटेल.

गोदाकाठ
वडिलांचं वाचून गप्प झालो. साठ डॉलर परत मागणार नाही. पण बादली नाकासमोर धरू नये, या मतावर आहे.

पाटावरवंटा
बर्बनबद्दलचं माझं मत तेच आहे आणि ते बदलणार नाही. सेकंड लाइनबद्दल ठाऊक नव्हतं, ते मान्य. आणि चिकोरीची कॉफी आईलाही आवडली होती, मद्रासी कॉफीची आठवण काढून दोन कप घेतली तिने. हे मी तेव्हा लिहायला हवं होतं.

मालवणी, धागा मी आईला वाचून दाखवला. ती विचारतेय, ते पीठ तेलात भाजायचं की लोण्यात?

मालवणी_तिखट
तेलात, लोणी पाऊण तास टिकत नाही. पीठ आणि तेल समसमान, बुडाचं जाड भांडं, आच मंद. मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची. भेंडी आधी वेगळी परतून घ्या, तार सुटणार नाही. हॅमऐवजी राजमा आणि थोडी धुरावलेली लाल मिरची. गंबो म्हणायचं की नाही ते आईंनी ठरवावं.