केमोची माहिती मराठीत कुठे मिळेल? आईसाठी, आणि गावातल्या आशाताईंसाठी पण

लातूरची_लेक
नमस्कार मंडळी. आईला स्तनाचा कॅन्सर निघालाय, मागच्या शुक्रवारी पहिली केमो झाली. फाइलीत सगळं इंग्रजीत, एसी ४ सायकल असं काहीतरी लिहिलंय. डॉक्टर सांगतात हो, पण ओपीडीला एवढी गर्दी की बाहेर येईस्तोवर निम्मं डोक्यातून गेलेलं असतं. घरी आल्यावर लघवी लाल झाली तर आई रडायलाच लागली, रक्त जातंय म्हणून. आशाताईंना बोलावलं, त्या बिचाऱ्या म्हणल्या तपासणीचं आम्हाला शिकवलंय, केमोचं कुणी सांगितलंच नाही. साध्या मराठीत कुठं काही मिळेल का?

डेकेअर_सिस्टर
ताई, आधी आईला धीर द्या. एसीमधला ए म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन, ते औषधच लालभडक असतं, सलाईनच्या नळीतून जाताना दिसतं बघा, त्यामुळे एक-दोन दिवस लघवी लाल होते. सी म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड, त्यानं मूत्राशयाला त्रास होऊ शकतो म्हणून पाणी भरपूर प्यायला द्या, आणि दोन दिवसांनंतरही लालच राहिली किंवा जळजळ होत असेल तर मात्र लगेच हॉस्पिटलला कळवा.
आता सगळ्यात महत्त्वाचं. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या काळात ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा वर गेला तर रात्र असो नाहीतर सणवार, थांबायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. आधी मोजा, तापाची गोळी मनानं देऊ नका, ताप लपतो. कॅज्युअल्टीत शिरल्या शिरल्या "केमो चालू आहे" हेच पहिलं वाक्य बोला. हे आशाताईंना पण सांगून ठेवा, त्याच आधी पोचतात.

सोलापूरकर७१
सिस्टरचं अक्षरशः पाळा. आमच्या वडिलांना रात्री अंग तापलं, आम्ही गोळी दिली, गोधडी पांघरली आणि सकाळी बघू म्हणून झोपलो, सकाळी बीपी इतकं खाली की उठताच येईना. बारा दिवस ॲडमिट होते. डिस्चार्जच्या कागदावर तापाचं लिहिलेलं होतं पण इंग्रजीत, आमच्यापैकी कुणी वाचलंच नाही. वाचले ते, पण मला ती रात्र अजून विसरता येत नाही.

परळची_वारी
मुंबईत जॅस्कॅप म्हणून संस्था आहे, त्यांच्या कॅन्सरवरच्या पुस्तिका मराठीत आहेत, केमोवर पण, आम्हाला फार उपयोग झाला. आणि हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. मुंबईला टाटाला जायची वेळ आली तर रेल्वेची सवलत विसरू नका, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला तिकिटाचे पैसेच लागत नाहीत, सोबतच्याला ७५ टक्के सूट, फक्त हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. अजून एक, एक वही करा, प्रश्न घरूनच लिहून न्या आणि डॉक्टर बोलतील ते तिथंच मराठीत उतरवा.

लातूरची_लेक
खूप खूप आभार सगळ्यांचे. आईला वाचून दाखवलं, लालचं कारण कळल्यावर पहिल्यांदा नीट जेवली. मेडिकलमधून डिजिटल थर्मामीटर आणलाय, १००.४ आणि हॉस्पिटलचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलाय, आशाताईंनी त्याचा फोटो काढून नेला. आज सहावा दिवस, आत्ता ९८.२.