मनगट फिरतं म्हणतात, ते नेमकं कुठून?

पेचकस: मनगटाजवळचं हाड मोडलं होतं, प्लास्टर नुकतंच निघालंय. कोपर वाकतं, मनगट वरखाली होतं. पण ओंजळ करायला गेलो की उजवा तळहात अर्ध्यावर अडतो आणि पाणी सांडतं. कुलपात किल्ली फिरवतानाही तेच. मोडलं मनगटाशी, मग फिजिओ बाई कोपराशी बोटं लावून काय बघतात? फिरणारा सांधा आहे तरी कुठे?

हाडांची_ताई: मी हेच काम करते, म्हणून सांगते: मनगट फिरतच नाही. ते झुकतं, बस्स. बरा हात घ्या, मनगटाच्या जरा वर दोन्ही हाडं घट्ट पकडा आणि तळहात उलटा करून बघा. अडला ना?

कोपराखाली दोन हाडं. करंगळीकडचं अल्ना, ते जवळपास जागचं हलत नाही. अंगठ्याकडचं रेडियस. त्याचं कोपराकडचं डोकं जाड चकतीसारखं, भोवती अस्थिबंधाचं (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याचं) कडं, कड्याची दोन्ही टोकं अल्नाला बांधलेली. चकती त्या कड्यात जागच्या जागी फिरते (लहान मुलाला हाताला धरून हिसडा दिला तर ती याच कड्यातून निसटते). रेडियसचं खालचं टोक मात्र अल्नाला वळसा घालतं. तळहात वर असताना हाडं शेजारी शेजारी, खाली केला की एकमेकांवर फुली. एका फिरण्याला दोन सांधे, दाराच्या दोन बिजागऱ्या समजा. तुमची खालची अडलीय. वरची सुटी आहे ना, ते बाई बोटाने चाचपतात.

उलटा_आटा: उजव्या हाताने स्क्रू आवळताना जास्त जोर लावता येतो, सोडवताना कमी, तेही यामुळेच का?

हाडांची_ताई: हो. दंडाच्या पुढच्या स्नायूचा, बायसेप्सचा, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) रेडियसलाच जोडलेला. तळहात खाली असताना तो हाडाभोवती गुंडाळला जातो. स्नायू आखडला की भोवऱ्याची जाळी ओढावी तसं हाड फिरतं. कोपर काटकोनात असेल तरच खरा जोर.

मानेवर_खडा: मानेतही अशीच खीळ असते ना?

हाडांची_ताई: असते. दुसऱ्या मणक्यातून दातासारखी खुंटी वर येते, पहिला मणका कड्यासारखा तिच्याभोवती फिरतो. मान वळते त्यातलं साधारण निम्मं तिथेच. गंमत म्हणजे तिथे खुंटी स्थिर आणि कडं फिरतं, कोपरात कडं स्थिर आणि खुंटी फिरते.

पेचकस, मोजताना कोपर बरगडीला चिकटवून वाकवा. हात सरळ ठेवलात तर खांदा फिरतो आणि आपल्याला वाटतं सुधारलं.

पेचकस: चिकटवलं. डावा तळहात सपाट छताकडे, उजवा उभ्या पुस्तकासारखा, जेमतेम कललेला. आठवडाभर घरी सगळ्यांना ‘बघा, फिरतोय’ म्हणून दाखवत होतो, तो खांदा होता तर.