प्रति: दुरुस्तीच्या जहाजांचा कसला युद्ध-इतिहास?

'ही जहाजं बंदरात बसून नटबोल्ट आवळणार, त्यांच्या सेवाकाळात सांगण्यासारखं ते काय' हा वरचा मुद्दा अर्धाच पटला. इतर जहाजांची दुरुस्ती करणारी ही जहाजं बंदरात असतात हे खरं. पण अमेरिकेचं 'व्हेस्टल' बघा. मूळचं कोळसावाहू, १९१३ पासून दुरुस्ती-जहाज. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर जपानी हल्ला झाला तेव्हा ते नेमकं 'ॲरिझोना' या युद्धनौकेला खेटून बांधलेलं होतं. 'व्हेस्टल'वर दोन बॉम्ब पडले. 'ॲरिझोना'च्या स्फोटाने 'व्हेस्टल'चा कप्तान कॅसिन यंग पाण्यात फेकला गेला. तो पोहत परत आला, जहाज सोडून निघालेल्यांना त्याने माघारी फिरवलं आणि बुडू नये म्हणून जहाज उथळ पाण्यात नेऊन टेकवलं. त्याच गोंधळात 'व्हेस्टल'वरच्या जो जॉर्ज नावाच्या खलाशाने दोर फेकून 'ॲरिझोना'वरचे सहा जण वाचवले. जॉर्जला पदक मिळालं २०१७ मध्ये, मरणोत्तर. (सरकारी काम, तिकडेही तेच!)

गोदीत मोठ्या युद्धनौकांची रांग, त्यामुळे 'व्हेस्टल'ची बरीचशी दुरुस्ती तिच्याच लोकांनी केली. पुढे नोव्हेंबर १९४२ मध्ये दक्षिण पॅसिफिकमधल्या नूमेआ बंदरात 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका दुरुस्त होत होती. काम संपण्याआधीच तिला ग्वाडलकॅनाल बेटाजवळच्या लढाईकडे निघावं लागलं, तेव्हा 'व्हेस्टल'चे कारागीर तिच्यावरच राहिले आणि तिकडे जाताना वाटेतही वेल्डिंग चालूच होतं.