पहिली पॉइंट टू-टू लिव्हर रायफल: तुम्ही कशी निवडलीत?

धागाकर्ता
गेली तीन वर्षं क्लबची बोल्ट रायफल (दर गोळीला बाजूचा दांडा ओढून भरायची) वापरतोय. नेम बरा बसतो, पण मजा येत नाही. मागच्या महिन्यात मित्रानं त्याची लिव्हरवाली (चापाभोवतीची कडी खाली-वर करून भरायची) हातात दिली. अर्ध्या तासात दोन डबे संपले आणि रात्री झोप लागेना. आता स्वतःची घ्यायची. काडतूस .२२ लाँग रायफल (हे काडतुसाचंच नाव), हे नक्की. कागदी लक्ष्य आणि लोखंडी थाळ्या, ५० ते १०० यार्ड. परवाना आहे, तिजोरी आहे. माहितीपत्रकं वाचून डोकं भणाणलंय, म्हणून ज्यांनी खरंच वापरल्यात त्यांनीच सांगा: काय घेतलंत, का, आणि कुठे पस्तावलात?

जुनं लोखंड
माझ्याकडे मार्लिन ३९ए आहे, जुनी, दुसऱ्या हातची. हिचं घराणं थेट १८९१ च्या मॉडेलपर्यंत जातं. नळी २४ इंची, वजन तीन किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये १९ काडतुसं. पण मी भाळलो ते बाजूच्या एका स्क्रूवर. नाण्यानं फिरवा, रायफलचे दोन तुकडे. त्यामुळे नळी मागच्या बाजूनं साफ करता येते. बहुतेक लिव्हर रायफलींत गज पुढूनच घालावा लागतो, आणि निष्काळजीपणे घातला की नळीच्या तोंडाची कड झिजते. कड गेली की नेम गेला.

जुनी घेणार असशील तर तीच कड आधी भिंगाखाली बघ. मग दोन्ही भाग जोडून हलव, खुळखुळ नको. आणि अगदी सुरुवातीच्या ३९ मध्ये हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) काडतुसं घालू नकोस, त्या त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या.

लहान हात
मला सगळे "बाईमाणसाला हलकी घ्या" एवढंच सांगत होते. वजनाचा प्रश्नच नव्हता हो! माझी बोटं आखूड आहेत. लिव्हर पूर्ण खाली नेताना दस्ता खांद्यावरून सुटायचा आणि प्रत्येक गोळीला नेम नव्यानं धरावा लागायचा. ब्राउनिंग बीएल-२२ हातात आली तेव्हा उलगडा झाला. तिची लिव्हर जेमतेम ३३ अंश फिरते, आणि चापही लिव्हरबरोबरच खाली जातो, म्हणजे बोट मध्ये चिमटत नाही. गाल दस्त्यावरून हलवावा लागत नाही. घरात मुलंही वापरणार असतील तर हे आधी तपासा, बाकी सगळं नंतर.

पितळी नळी
हेन्री एच००१, सहा वर्षं. लिव्हर लोण्यासारखी चालते. रिसीव्हर (यंत्रणा बसते तो मधला भाग) मिश्रधातूचा आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील. हजारो गोळ्यांनंतरही माझी तक्रार नाही.

माझी एक चूक मात्र सांगतो. काडतुसं भरायला मॅगझिनची आतली नळी पुढून ओढून काढावी लागते, म्हणजे हात रायफलच्या तोंडाजवळ जातो. एकदा सराव संपल्यावर नळी काढली, काडतुसं ओतली, "रिकामी झाली" असं मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या काकांनी न बोलता लिव्हर खाली करायला लावली, तर चेंबरमधून (गोळी सुटायच्या आधी काडतूस बसतं ती जागा) सबंध काडतूस बाहेर पडलं. मान खाली गेली. तेव्हापासून आधी लिव्हर उघडी, डोळ्यांनी आणि करंगळीनं खात्री, मगच बाकीचं.

जुनं लोखंड
@पितळी नळी, बरं केलंत सांगितलंत. भर म्हणून: आजच्या हेन्री कंपनीचा १८६० च्या प्रसिद्ध हेन्री रायफलीशी संबंध फक्त नावापुरता. दुकानात कोणी "तीच परंपरा" म्हणून गळी मारायला लागला तर हसून ऐकायचं.

डावखुरा
आम्हा डाव्यांना लिव्हरसारखं सुख नाही. बोल्टसाठी हात आडवा टाकायला नको. रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, माझ्या नाकासमोरून जाते, इतकंच.

चाळिशी
डोळे! याबद्दल कोणीच बोललं नाही. पंचेचाळिशीनंतर मला मागची साइट धूसर दिसायला लागली आणि मी दोष रायफलला देत बसलो. वरून बंद, बाजूनं पुंगळी टाकणारी रायफल घेतलीत तर दुर्बीण सरळ वर बसते (विंचेस्टर ९४२२ तशीच आहे, पण ती २००५ मध्ये बंद झाली). अडचण एकच: दुर्बिणीखाली घोड्यापर्यंत (चाप नव्हे, पिनवर आदळणारा मागचा हातोडा) अंगठा पोचत नाही. घोडा हळूच उतरवताना अंगठा निसटला तर गोळी सुटते. घोड्याच्या बाजूला बसणारा छोटा खुंट मिळतो, तो दुर्बिणीबरोबरच घ्या. मी शेवटी दुर्बीण काढून भोकवाली पीप साइट लावली. ५० यार्डांवर थाळ्या वाजवायला पुरे.

अर्धवट लिव्हर
माझी नवीकोरी रायफल दर दहाव्या गोळीला अडकायची. दोनदा दुरुस्तीला पाठवली, दोनदा "दोष आढळला नाही" म्हणून परत. मी चिडून विकायला काढली. घ्यायला आलेल्या गृहस्थांनी पन्नास गोळ्या मारल्या, एकही अडकली नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही लिव्हर लाडानं चालवता." खरंच, मी ती शेवटपर्यंत नेतच नव्हतो! विकली नाही.

काडतुसांचं वेगळंच. हाय व्हेलॉसिटीची ४० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सव्वाबाराशे फुटांच्या आसपास निघते आणि १०० यार्डांच्या आत ध्वनीच्या वेगाखाली येते. तिथे ती डळमळू शकते. सुमारे १,०७० फुटांची स्टँडर्ड व्हेलॉसिटी आधीपासूनच खाली असते. माझ्या रायफलीत लांबवर तीच एकगठ्ठा पडते. तुझ्या रायफलीला काय आवडतं ते चार-पाच प्रकारचे डबे फोडल्याशिवाय कळणार नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. .२२ मॅग्नम (जास्त जोरदार काडतुसाची) घ्यावी असा एक किडा डोक्यात आहे...

जुनं लोखंड
थाळ्यांसाठी? काडतुसं महाग, आवाज मोठा. शिवाय .२२ मॅग्नमच्या चेंबरमध्ये लाँग रायफल चालत नाही. पुंगळी बारीक असल्यानं ती फाटू शकते. किडा झटक.

धागाकर्ता
झटकला. रविवारी बीएल-२२ आणि हेन्री, दोन्ही खांद्याला लावून बघणार. दुकानात रिकाम्या चेंबरवर चाप ओढून बघितला तर चालेल ना?

लहान हात
आधी विचारा. .२२ मध्ये पिन काडतुसाच्या कडेवर मारते. काडतूस नसेल तर चेंबरच्या धातूवर आपटू शकते. वापरलेल्या दोन-तीन पुंगळ्या खिशात ठेवा, दुकानदार हो म्हणाला तर त्या घालून चाप ओढा. आणि लिव्हर शेवटपर्यंत न्या, लाड नकोत!