गोगलगाय खाणारी अळी आणि आपल्या भिंतीवरची पिशवीवाली, एकच का?

रानवाट: मंडळी एक शंका. हवाई बेटांवरच्या एका पतंगाच्या अळीचा व्हिडिओ बघितला, इवलीशी गोगलगाय दिसली की रेशमाच्या धाग्याने तिला पानाला बांधून टाकते आणि मग शंखात घुसून खाते!! गोगलगाय अन् पोटात पाय ऐकलं होतं, इथे पोटात अख्खी अळी. पण तिने अंगाभोवती विणलेली पिशवी बघून आमच्या बाथरूमच्या भिंतीवरची ती राखाडी चपटी पिशवी आठवली, भोपळ्याच्या बीसारखी. दोघी एकाच कुळातल्या का?

पाकोळी: नाही हो, पिशवीवर जाऊ नका, वेगवेगळ्या कुळांतल्या अळ्या पिशवी करतात. भिंतीवरची टिनिइडी कुळातली, म्हणजे लोकरी कपड्यांना लागते त्या कसरीची भावकी. हवाईवाली हायपोस्मोकोमा मोलुसिव्होरा, कुळ कॉस्मोप्टेरिजिडी, रुबिनॉफ आणि हेन्स या शास्त्रज्ञांनी २००५ साली जगापुढे आणली. या एका जीनसमध्ये (म्हणजे कुळातला जवळच्या जातींचा गट) ३५० च्या वर जाती आहेत आणि सगळ्या फक्त हवाईत.

रानवाट: मग बाकीच्याही मांसाहारीच?

पाकोळी: छे, बऱ्याचशा शेवाळ नाहीतर दगडफूल खातात, हो आपल्या गोड्या मसाल्यातलं असतं तसलंच. ही मात्र उपाशी मेली तरी पाल्याला तोंड लावत नाही, वर खाल्लेल्या गोगलगायींचे रिकामे शंख पिशवीला चिकटवून मिरवते.

रानवाट: एवढा फरक आहे तर जीनस वेगळा का नाही केला?

खडूस_काका: कारण खाण्यावरून नातं ठरत नाही, एकाच घरात एक माळकरी आणि एक मटणवाला असतोच की. डीएनए आणि मोठ्या झालेल्या पतंगाची शरीररचना बघतात. याच जीनसमध्ये पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगणाऱ्या अळ्या आहेत, आणि २०२५ मध्ये हवाईतल्याच ओआहू बेटावरची एक जाहीर झाली ती कोळ्याच्या जाळ्यात राहून मेलेल्या किड्यांची डोकी-पंख पिशवीला लावते, प्रत्येक तुकडा तोंडाने चाचपून, मोठा वाटला तर कुरतडून बसवते. वीसेक वर्षांत जेमतेम ६२ सापडल्या, त्यासुद्धा १५ चौरस किलोमीटरच्या एकाच जंगलात. गंमत म्हणजे तिची वंशशाखा ओआहू बेटापेक्षा जुनी निघाली, म्हणजे पूर्वज आधी तयार झालेल्या बेटांवरून आले असणार.

रानवाट: भारी! इकडे बायकोने फक्त कसरीची भावकी एवढंच वाचलं आणि झाडू घेऊन बाथरूममध्ये गेली.

पाकोळी: थांबवा त्यांना 😄 ती भिंतीवरची अळी मुख्यतः कोळ्यांची जुनी जाळी आणि केस खाते.