मदत हवी आहे: नर घोडा विकायचा आहे, पण खच्ची करणाऱ्याला नाही

सत्तरीकर: घोडा विकायचाय. रक्त कामाचं आहे, बापाने मेंढपाळांचं बिऱ्हाड पाठीवर वाहिलंय. पैदाशीला ठेवण्यासारखा नर. गोव्यात जो येतो तो वरातीसाठी नाहीतर किनाऱ्यावर पर्यटक बसवायला मागतो आणि आधी खच्ची करू म्हणतो. कुठे विकू? लवकर सांगा, पावसाच्या आत द्यायचाय.

फोंडेकर: जात? वय? कागद?

सत्तरीकर: भीमथडीच, आणखी कुठला? नुकताच चार दात झालाय. कागद नाहीत. आईबाप दोघेही बारामतीकडच्या धनगरांकडे आहेत.

खानदेशी: सारंगखेड्याला न्या. दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा विकला नाही असं होत नाही.

फोंडेकर: दत्तजयंती मार्गशीर्षात, त्यांना पावसाच्या आत द्यायचाय. शिवाय तिथे मारवाडी घोड्याची उंची आणि नुकरा म्हणजे पांढरा रंग बघतात. भीमथडी ठेंगणा, त्याला भाव पाडूनच मागतील.

खानदेशी: माझा काठेवाडी तिथेच गेला, चांगल्या भावात.

फोंडेकर: काठेवाडी गेला, भीमथडी नव्हे.

डिचोलीची: घोड्यांवरून आठवलं, विजयनगरला अरबी घोडे गोव्याच्या बंदरातूनही जात. आमच्या घोडेमोडणीच्या नाचात ती आठवण असेल का?

घाटावरचा: ते वेगळ्या धाग्यात बोलूया. सत्तरीकर, चार दात म्हणजे साडेतीन वर्षांचा, वय उत्तम आहे. भीमथडीला आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली आहे, त्यामुळे शुद्ध नराला घोड्या पाळणारेच विचारतील. कागद नसले तरी आईबाप हयात आहेत. तिघांच्या केसांचे मुळासकट नमुने द्या, डीएनएवरून वंश सिद्ध होतो. आणि ग्लँडर्ससाठी रक्त आधी तपासून घ्या. तो रोग माणसालाही होतो, अहवालाशिवाय जाणकार माणूस आपल्या घोड्यांत नवा घोडा बांधणार नाही.

खूर बघितलेत का? तुमच्याकडच्या ओलीत तळवा कुजतो. गिऱ्हाईक पाय उचलून मधल्या खाचेत बोट घालेल आणि वास घेईल. काळा, घाण वासाचा चिकटा निघाला तर तिथेच भाव पडतो.

पेडणेकर: विकू नका हो. ठेवा आणि लोकांच्या घोड्यांना लावून पैसे घ्या.

सत्तरीकर: गोव्यात भीमथडी घोड्या आणू कुठून? चारासुद्धा घाटावरून येतो. खुरांना वास नाही, आताच बघितले. उद्या डॉक्टरांना रक्त घ्यायला बोलावतो. बारामती-फलटणकडे ज्यांच्याकडे घोड्या आहेत त्यांनी निरोप पाठवा, भावाचं बसून ठरवू. खच्ची करणार असाल तर येऊ नका.